अर्धं रान सेंद्रिय केलं आणि नेमकं तेवढंच पिवळं पडलं, चूक पद्धतीची का माझी?

निम्मंशिम्मं

नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली कारण घरात माझी बाजू घेणारं कोणी उरलं नाहीये.

तर झालंय असं, दोन एकराचा सलग तुकडा आहे, माती तीच, विहीर तीच, उतार पण एकाच बाजूला. यंदा गहू करायचा होता तर म्हटलं नुसता वाद घालत बसण्यापेक्षा मधोमध दोरी धरू, एक एकर नेहमीसारखा रासायनिक आणि एक एकर पूर्ण सेंद्रिय, बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी, पाण्याच्या पाळ्या पण बरोबरीनं. रासायनिक अर्धं दादाकडे आणि सेंद्रिय माझ्याकडे. मी पेरणीच्या आठ दिवस आधी चार ट्रॉली शेणखत विस्कटलं आणि आधीच्या मक्याची ताटं जाळायची नाहीत असं ठरवलेलं म्हणून रोटाव्हेटर मारून सगळी तिथल्या तिथे गाडली. दादानं त्याच्याकडची ताटं गुरांना काढून नेली, पेरताना खत दिलं आणि पहिल्या पाण्याला यूरिया टाकला, झालं त्याचं काम.

आज पेरून ३५ दिवस झाले. दोरी कधीच काढली पण ती कुठे धरली होती ते रस्त्यावरून पण दिसतंय, डावीकडे काळंभोर हिरवं आणि उजवीकडे लिंबू. फुटवे म्हणजे बुडातून निघणाऱ्या नव्या काड्या मोजल्या, त्याच्याकडे एका रोपाला चार-पाच आणि माझ्याकडे एक नाहीतर दोन. दादा रोज सकाळी चहाला विचारतो, तुझ्या रानाची कावीळ उतरली का.

आता मला सांगा, एक म्हणजे हे सेंद्रियचं असंच असतं का माझं काही चुकलं. दुसरं, उत्पन्नात खरा फरक किती पडतो, कारण एक जण म्हणतो निम्मं येतं, दुसरा म्हणतो जास्त येतं, दोघंही छातीठोक. आणि तिसरं, सेंद्रिय म्हणजे फवारणी अजिबात नाही असंच ना?

मातीतला_किडा

फोटो नाहीये म्हणून आधी उलट प्रश्न विचारतो. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढलाय का शेंड्याच्या नव्या पानांपासून सुरू झालाय? खालून असेल तर नत्र म्हणजे नायट्रोजन, कारण नत्र कमी पडला की झाड जुन्या पानातला काढून नव्याला देतं. नवी पानं पिवळी आणि जुनी हिरवी असतील तर गंधक किंवा लोह बघावं लागेल, ते झाडाला तसं हलवता येत नाही.

दुसरं, शेणखत किती जुनं होतं? "जुनं होतं" असं मोघम नको, हातात घेतल्यावर शेणाचा वास येत होता का पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसला? आणि एक काम करा, फावडं घ्या आणि वीतभर खोल उकरून बघा ती ताटं कुठवर आलीत.

निम्मंशिम्मं

उकरलं. खालूनच पिवळं आहे, सगळ्यात खालचं पान टोकापासून मधल्या शिरेनं वाळत आलंय आणि शेंड्याचं पान फिकट पण हिरवं आहे.

आणि ताटं... काय सांगू, टाकली तशीच आहेत हो. रोटाव्हेटरनं बोटभर बोटभर तुकडे झालेत, वरून तपकिरी पण मोडली की आत अजून पांढरा भेंडा, त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरलीय. गव्हाची मुळं त्याच्या आजूबाजूनं गेलीत. शेणखताचा गोळा फोडला तर आत चक्क शेण होतं, हिरवट, आणि वास म्हणाल तर गोठ्याचा. उकिरड्याच्या वरच्या अंगाचं भरलं होतं कारण खालचं ओलं जड लागत होतं. दोन महिन्यांचं असेल फार तर.

दादा शेजारी उभा होता, काही बोलला नाही, नुसता खाकरला.

मातीतला_किडा

सापडलं मग. तुमच्याकडे सेंद्रिय शेती अजून सुरूच झालेली नाहीये, तुम्ही उभ्या पिकाखाली उकिरडा लावलाय 🙂 रागावू नका, मी पण पहिल्या वर्षी हेच केलंय, फक्त तेव्हा विचारायला कोणी नव्हतं.

हिशोब बघा म्हणजे दादाला पण सांगता येईल. जमिनीतल्या जंतूंना स्वतःचं अंग वाढवायला कर्ब म्हणजे कार्बन लागतो तसा नत्र पण लागतो, आठ-दहा भाग कर्बाला एक भाग नत्र असं त्यांच्या अंगाचं प्रमाण. त्यातला बराच कर्ब श्वासात जातो म्हणून त्यांना मिळणारं खाद्य साधारण २५ ला १ असलं की त्यांचं भागतं. मुरलेलं कंपोस्ट १५-२० ला १ असतं, ते कुजताना वरचा नत्र सुटून पिकाला मिळतो. मक्याची ताटं ६० ला १ च्या आसपास, गव्हाचं काड ८० ला १. एवढा कर्ब पुढ्यात आला की जंतू तुटून पडतात पण जोडीला नत्र नसतो, मग तो कुठून घेणार तर मातीतून. पहिली पंगत त्यांची बसते आणि गव्हाला बाहेर ताटकळत ठेवतात. हा नत्र उडून जात नाही, जंतूंच्या अंगात अडकतो आणि ते मेले की परत येतो, पण तोवर फुटव्यांचा काळ गेलेला असतो.

तुमच्याच रानाचा आकडा काढू. गव्हाला एकरी ५० किलोच्या आसपास नत्र धरा. दादानं तो यूरियातून द्यायचा म्हटला तर ११० किलोत काम झालं कारण यूरियात ४६ टक्के नत्र असतो. तुमच्या चार ट्रॉल्या म्हणजे दहा टन धरू, शेणखतात अर्धा टक्का नत्र, म्हणजे कागदावर तुमचे पण ५० किलोच झाले! मग फरक कुठे पडला? शेणखतातला नत्र पहिल्या वर्षात पाव ते एक तृतीयांशच सुटतो, चांगलं कुजलेलं असलं तरी. म्हणजे हातात १२ ते १६ किलो. आता एकरभर ताटं दोन टन धरली तर टनामागे सात-आठ किलो नत्र त्यांनी अडकवला, म्हणजे १४-१६ किलो. वजाबाकी करा. शून्य राहिलं. त्यात थंडीचे दिवस, जंतू तसेच आळसावलेले.

ताटं गाडणं चूक नाहीये, वेळ चुकली. तीच दीड-दोन महिने आधी बारीक करून ओलीत गाडली असती किंवा वरच आच्छादन म्हणून पसरली असती तर एवढा मार बसला नसता, कारण वर पडलेलं काड फक्त जिथे मातीला टेकतं तेवढ्याच थरातला नत्र ओढतं.

शंकासुर

किडाभाऊंनी जो हिशोब मांडलाय तोच मी इथे चार वर्षं ओरडून सांगतोय फक्त मी सांगितला की मी कंपन्यांचा माणूस ठरतो. ५० किलो नत्रासाठी दहा टन शेणखत, ते पण कागदावर, खरं धरलं तर तीस टन. एकराला. एवढं शेण कुठून आणणार? गुरं आली म्हणजे चारा आला, चारा आला म्हणजे आणखी रान आलं. सेंद्रियच्या उत्पन्नाची तुलना करताना हे बाजूचं रान कोणी मोजतच नाही. परत ते शेणखत ज्या गुरांचं, त्यांचा चारा-पेंड यूरियावर वाढलेली असते. मग तोच कारखान्यातला नत्र शेणाच्या वाटेनं तुमच्या सेंद्रिय रानात आला आणि वाटेत पवित्र झाला.

फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला १९०९ साली, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना उभा राहिला, आणि आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ताटात येणारं अन्न त्या नत्रावर उभं आहे असा अंदाज धरतात. श्रीलंकेनं २०२१ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की उद्यापासून देश सेंद्रिय, रासायनिक खतांची आयात बंद. नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला, भात कोसळला, चहा कोसळला आणि जो देश तांदळात स्वतःचं भागवत होता त्याला बाहेरून तांदूळ आणावा लागला. एवढं पुरे आहे मला तरी.

बांधावरचा

शंकासुर, श्रीलंकेचं उदाहरण सेंद्रियच्या विरोधातलं नाहीये, घिसाडघाईच्या विरोधातलं आहे. एका हंगामात सगळा देश फिरवायचा, तेवढं कंपोस्ट नाही, बियाणं यूरियाला हपापलेल्या जातींचं, शेतकऱ्याला शिकवलेलं काही नाही, आणि परकीय चलन वाचवणं हेही त्यामागे होतंच. निम्मंशिम्मं यांनी जी चूक एका एकरात केली तीच तिथे सगळ्या बेटावर केली गेली इतकंच म्हणा.

आणि यूरियाचा हिशोब तुम्ही पण अर्धाच सांगताय. ५० किलो नत्र टाकला म्हणजे ५० किलो गव्हानं घेतला असं होत नाही ना. जगभरचं बघितलं तर टाकलेल्या नत्रातला निम्म्याच्या आसपासच पिकात जातो. उरलेला काही अमोनिया होऊन उडतो, यूरिया वरच्या वर फेकून पाणी द्यायला दोन दिवस उशीर करा मग वास घेऊन बघा, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली विहिरीत जातो, आणि थोडासा नायट्रस ऑक्साइड होऊन जातो जो कर्बवायूच्या सुमारे २७३ पट तापवतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं मर्यादा का घालून दिलीय मग? बाटलीवर पोसलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो त्यानं, बाळ निळं पडतं. हा खर्च यूरियाच्या गोणीवर छापलेला नसतो.

शंकासुर

नायट्रेट शेणखतातनं पण जातं हो बांधावरचे. पीक काढून झालं, रान मोकळं पडलंय, वर पाऊस, आणि खाली शेणखत सावकाश कुजतंयच, त्याला कोण सांगणार की आता पीक नाहीये थांब म्हणून. यूरिया निदान मी पिकाच्या वेळेला देतो. तुमचा नत्र स्वतःच्या सवडीनं येतो.

बांधावरचा

हे मान्य. म्हणूनच मोकळं रान ठेवायचं नसतं, पण ते असो.

आकडेबहाद्दर

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून मी येतो, जरा लांब होईल. उत्पन्नातला फरक "इतके टक्के" असा एक आकडा नाहीच आहे, तो कोणतं पीक, पाणी आहे का, सेंद्रियवाला किती मुरलेला आहे आणि समोर रासायनिकवाला किती खत ओततोय यावर हलतो.

२०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी जगभरच्या तुलना एकत्र करून बघितल्या, तर फरक ५ टक्क्यांपासून ३४ टक्क्यांपर्यंत. ५ कुठे, तर पावसावरची द्विदल पिकं आणि बहुवर्षायू झाडं, माती फार आम्ल नाही फार अल्कली नाही अशा ठिकाणी. ३४ कुठे, तर दोन्ही पद्धती अगदी सारख्या ठेवून मोजलं तिथे. उत्तम पद्धतीनं केलेल्या सेंद्रियला १३. मग २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातून आणखी मोठी मोजणी आली, ११५ अभ्यास घेऊन, सरासरी फरक १९ टक्के. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट ही की सेंद्रिय बाजूनं मिश्रपीक आणि फेरपालट नीट केली तर तोच फरक ८-९ टक्क्यांवर येतो. म्हणजे यूरियाच्या जागी शेणखत ठेवलं आणि बाकी सगळं जसंच्या तसं, गव्हावर गहू, तर मार खाणार. निम्मंशिम्मं, तुमचा प्रयोग हाच आहे बरं का, तुम्ही शेती नाही बदलली, गोणी बदलली.

आता एका रानाचं बघू म्हणजे सरासरीचा कंटाळा जाईल. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ थेरविल म्हणून गाव आहे, तिथे १९७८ पासून एकाच रानात शेजारी शेजारी वाफे करून दोन्ही पद्धती चालल्यात, अजून चालू आहे. २१ वर्षांचा हिशोब २००२ मध्ये छापला. सेंद्रियचं उत्पन्न सरासरी २० टक्के कमी. पण त्यासाठी बाहेरून दिलेलं खत ३४ ते ५३ टक्के कमी, आणि कीडनाशकं ९७ टक्के कमी. गव्हानं बरी साथ दिली, रासायनिकच्या ९० टक्क्यांपर्यंत आला. बटाट्यानं मात्र घात केला, ५८ ते ६६ टक्केच, कारण पालाश म्हणजे पोटॅशियम कमी पडलं आणि वरून करपा आला. गांडुळं सेंद्रिय वाफ्यात १.३ ते ३.२ पट. तर "निम्मं येतं" म्हणणारा बटाटेवाला असेल आणि "फरकच नाही" म्हणणारा तूर-सोयाबीनवाला, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतील.

आणि जुनं बघायचं तर इंग्लंडात रोथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं रान आहे, १८४३ पासून तिथे गव्हाचा प्रयोग चालू आहे. एका पट्टीला काहीच द्यायचं नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकीच्यांना रासायनिक खताचे वेगवेगळे डोस. शेणखताची पट्टी उत्पन्नात रासायनिकच्या तोडीस तोड चाललीय आणि तिच्यातला सेंद्रिय कर्ब काहीच न दिलेल्या पट्टीच्या दुपटीहून जास्त झालाय. पण शंकासुर म्हणतात ते इथे लागू होतंच, हेक्टरी ३५ टन दरवर्षी! त्यात जवळजवळ २४० किलो नत्र जातो. आणि दुसऱ्या बाजूची गंमत म्हणजे नुसत्या रासायनिक खतावरच्या पट्ट्या इतक्या वर्षांत नापीक वगैरे झालेल्या नाहीत. "दहा वर्षं यूरिया टाकला की जमीन मरते" असं जे सर्रास लिहिलं जातं ते ही पट्टी बघून आल्यावर लिहिता येणार नाही.

खुरपं

मी अकरा वर्षं सेंद्रिय करतेय, भाजीपाला आणि कडधान्य. आकडे वाचून बरं वाटलं पण आकड्यांत एक गोष्ट कधी दिसत नाही ती म्हणजे कंबर. तणनाशकाची एक फवारणी म्हणजे एक माणूस, एक पंप, अर्धा दिवस. तेच तण खुरप्यानं काढायला माझ्याकडे सहा बायका तीन दिवस लागतात, आणि पावसानं वाफसा दिला नाही तर तेवढ्यात तण गुडघ्याला लागतं. खताचं कोडं कधीतरी सुटतं, तणाचं सुटत नाही. पीक ओळीत पेरणं, कोळपं वेळेत घालणं आणि तण फुलायच्या आत उपटणं एवढ्यावरच माझं चाललंय. एक वर्ष आजारपणात फुलायला दिलं होतं, त्या वर्षीचं बी मी अजून उपटतेय.

तिसऱ्या प्रश्नाचं. नाही हो, सेंद्रियमध्ये फवारणी असतेच. निंबोळी अर्क असतो, बीटी म्हणजे ती अळीच्या पोटात जाऊन काम करणारी जिवाणूंची पावडर, ट्रायकोडर्मा म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी बुरशी, गंधक, बोर्डो मिश्रण. नियम 'कृत्रिम रसायन नको' असा आहे, 'विष नको' असा नाही. आता बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, १८८५ साली फ्रान्समध्ये द्राक्षावर सुरू झालं, ते सेंद्रियला चालतं, पण तांबं कुजत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठत जातं, युरोपनं शेवटी सात वर्षांत हेक्टरी २८ किलोच्या वर तांबं टाकायचं नाही असं बांधून दिलं. स्पिनोसॅड पण जिवाणूपासूनच करतात आणि सेंद्रियला बऱ्याच देशांत चालतं, पण ओलं असताना मधमाशी बसली तर मेलीच, म्हणून मी दिवस मावळल्याशिवाय पंप खांद्याला लावत नाही. आणि रोटेनोन, वनस्पतीच्या मुळापासूनचं, पूर्वी सेंद्रियवाले बिनधास्त मारायचे, पुढे उंदरांमध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली आणि ते बऱ्याच ठिकाणी बंद झालं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा एवढंच.

आणि "सेंद्रिय" लिहिलेली प्रत्येक बाटली घेऊ नका. मी एकदा एका दुकानातून वनस्पती अर्क म्हणून घेतला, फवारल्यावर तासाभरात मावा असा काही टपाटपा पडला की मलाच शंका आली, निंबोळीनं कीड अशी मरत नसते, ती खायचं सोडते, कात टाकता येत नाही, चार-पाच दिवस लागतात. तपासणीला दिला तर आत चक्क कृत्रिम कीटकनाशक. माझा सेंद्रिय प्रमाणपत्राचा काळ परत पहिल्यापासून सुरू झाला आणि दुकानदार म्हणतो ताई तुम्हाला रिझल्ट तर मिळाला ना.

अजून एक, निम्मंशिम्मं, ते कच्चं शेण उरलं असेल तर पुढच्या पिकाला तसंच नका घालू, हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे भुंगे अंडी घालायला तेच शोधत असतात. आणि कच्च्या शेणात माणसाला बाधणारे जिवाणू पण असतात, म्हणून जमिनीला टेकणाऱ्या भाजीला कच्चं शेणखत दिलं तर अमेरिकेतल्या सेंद्रिय नियमानं काढणीच्या आधी १२० दिवस जावे लागतात. ढीग लावा, ओल ठेवा, दोन-तीनदा पालटा. आत हात घालवणार नाही इतका तापला पाहिजे, ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की जंतू पण मरतात आणि तणाचं बी पण बरंचसं.

नुसता_खाणारा

माफ करा मी शेतकरी नाही, चुकून या धाग्यावर आलो आणि सगळं वाचलं. मला फक्त एवढंच सांगा की सेंद्रिय खाल्लं तर अंगाला जास्त लागतं का?

आकडेबहाद्दर

पोषणाचा फरक तसा किरकोळ, आणि त्यावर संशोधकांचंही एकमत नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी दोनशेहून जास्त अभ्यास चाळले, जीवनसत्त्वांत ठळक फरक सापडला नाही. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटानं ३४३ अभ्यास घेतले, त्यांना सेंद्रियमध्ये अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी दिसला. कीडनाशकाचे अंश मात्र रासायनिक मालात जास्त वेळा सापडतात यावर दोघांचं जमतं, त्या दुसऱ्या मोजणीत चौपट वेळा. आता अंश सापडणं आणि ते मर्यादेच्या वर असणं यात फरक आहे, बहुतेक मर्यादेच्या आतच असतात. पण फवारणाऱ्या माणसाला असली कुठली मर्यादा नसते, तो उघड्या हातानं मिसळतो आणि वाऱ्याच्या तोंडावर मारतो. मला विचाराल तर सेंद्रियचा आरोग्याचा फायदा खाणाऱ्यापेक्षा पंप पाठीवर घेणाऱ्याला जास्त आहे.

उशिरा_आलेला

जीवामृत कोणी सुचवलं नाही अजून?? दर पाण्याला सोडा, आठ दिवसांत हिरवं.

मातीतला_किडा

उशिराभाऊ, जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, थोडं गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, यात एकराला पुरेल एवढा नत्र येणार कुठून? काही शे ग्रॅम असेल. जंतू वाढतात हे खरं, पण इथे जंतूंची कमी कुठाय, तेच तर सगळं खाऊन बसलेत. त्यांना अजून गूळ पाजायचा?

निम्मंशिम्मं, आत्ता या पिकापुरतं सांगायचं तर मुरलेलं गांडूळखत किंवा पेंड मिळाली तर ओळींमधून द्या आणि कोळपं घालून हलकी माती चढवा, पेंडीत नत्र चार-पाच टक्के असतो आणि शेणखताच्या मानानं लवकर सुटतो, तरी महिना धरा. पुढच्या खेपेला गव्हाच्या आधी ताग किंवा धैंचा पेरा, फुलावर यायच्या बेतात असताना, ४५-५० दिवसांत गाडा, देठ कोवळा असतो म्हणून पटकन कुजतो आणि हवेतला नत्र फुकटात मिळतो. आणि तुलना करायचीच तर एका हंगामावर निकाल देऊ नका. प्रमाणपत्रवाले सुद्धा हंगामी पिकांना दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं संक्रमण काळ धरतात, तो काळ काही फक्त जुनी रसायनं निघून जावीत म्हणून नसतो, शेतकऱ्याला पण शिकायला तेवढा लागतो.

शंकासुर

किंवा सरळ २० किलो यूरिया टाका आणि झोपा. गव्हाला कळत नाही नायट्रेट कुठून आलं ते.

खुरपं

गव्हाला नाही कळत, प्रमाणपत्रवाल्याला कळतं 🙂 पण तुम्हाला प्रमाणपत्र घ्यायचंच नसेल तर पिकाचा जीव महत्त्वाचा, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही.

निम्मंशिम्मं

तीन आठवड्यांनी लिहितोय, वेळ मिळाला नाही, सॉरी.

पेंड मिळाली ती दिली, कोळपं घातलं, तण मजूर लावून काढलं, खुरपं ताई तुमची कंबर आठवली. शंकासुरांचं पण ऐकलं पण थोडंच. दादाला म्हटलं आपण खात्री करू, माझ्या एकरातल्या अगदी बांधाकडच्या दहा ओळींना यूरिया दे, बाकीला हात लावू नको. आठव्या दिवशी त्या दहा ओळी त्याच्या रानासारख्या हिरव्या झाल्या. म्हणजे किडाभाऊ तुमचं निदान बरोबर, नत्रच होता, दुसरं काही नाही. बाकीचं रान गेल्या आठवड्यापासून आपलं आपण रंग धरायला लागलंय, नवी पानं हिरवी आहेत, पण फुटवे आता काही वाढायचे नाहीत, तेवढं नुकसान पदरात घेतलंय. परत उकरलं, ताटांचे तुकडे आता बोटानं दाबले की पिचतात आणि फावड्याच्या एका खेपेत सात गांडुळं निघाली. दादाच्या बाजूला उकरलं तर दोन. एकाच खड्ड्याचा हिशोब आहे, आकडेबहाद्दर ओरडू नका.

आता काढणीला तिन्ही वेगळे मोजणार, दादाचं रान, माझं रान आणि त्या दहा ओळी. ताग कधी पेरायचा ते पण ठरलंय, आणि दादा म्हणतो तागाचं बी जास्तीचं आण, माझ्याकडे पण टाकू थोडं, बघू. त्या दहा ओळींना घरात सगळे आता फितूर ओळी म्हणतात.